मोडीच्या भावाला ठाम नकार द्या

जुनी वस्तू विकायची म्हणून फोनवर फोटो टाकला की पहिला निरोप ठरलेला असतो : ‘लास्ट किती?’ त्याला उत्तर देईपर्यंत दुसरा येतो : ‘पंधराशे देतो, आत्ता येऊन घेऊन जातो.’ आपण आठ हजार लिहिलेले असतात. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, असल्या माणसाला उत्तरसुद्धा देऊ नका. दुसरा म्हणतो, अहो, माळ्यावर धूळ खात पडलेलं आहे, पंधराशे तर पंधराशे, देऊन टाका. मला दोन्ही पटत नाहीत.

मी साताऱ्यात राहते. आमचं भांड्यांचं दुकान होतं. वडिलांच्या हाताखाली तांबं-पितळ ओळखायला शिकले. दुकान बंद झालं, पण लोकांनी विचारायला येणं थांबलं नाही. वाडा पाडायचा असतो, आई-वडील फ्लॅटमध्ये जायचे असतात, बंब, घंगाळ, हंडे, शिसवी कपाट, भिंतीवरचं घड्याळ कुठं ठेवायचं हा प्रश्न असतो. ओळखीतल्यांच्या अशा वस्तूंचे फोटो काढून, माहिती लिहून त्या ऑनलाइन विकायला मी मदत करते. आलेल्या बोलींना उत्तरंही बहुतेक वेळा मीच देते. त्या अनुभवावरून माझं म्हणणं असं आहे की, पडेल बोली हा अपमान नव्हे. समोरच्यानं केलेली ती चाचपणी असते. तिच्यापुढे आपण नमतो, कारण आपल्या वस्तूची किंमत आपल्यालाच ठाऊक नसते.

हे आजचं नाही. साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील घरोघरी शिरलं, तेव्हापासूनचं आहे. दुकानात बायका जुनी पितळी पातेली, तांब्याच्या कळश्या घेऊन यायच्या. आम्ही त्या तराजूवर टाकायचो आणि मोडीच्या भावानं हिशेब करून त्या बदल्यात नवी कोरी स्टीलची भांडी द्यायचो. त्या बायकांना मी दोष देणार नाही. दर थोड्या महिन्यांनी कल्हई करायची, चिंच आणि राख घेऊन हात दुखेस्तोवर घासायचं, वर ते ओझं विहिरीवरून, नळावरून उचलून आणायचं. स्टीलनं त्यांची त्यातून सुटका केली. पण त्या तराजूवर फक्त धातू तोलला गेला. हाताचं काम, घडण, त्यावर घातलेलं नाव यांचं वजन शून्य धरलं गेलं. ती सवय पुढच्या पिढ्यांत उतरली. आजही घरातलं घंगाळ विकायचं म्हटलं की पहिला प्रश्न ‘किती किलोचं आहे?’ असाच येतो, आणि तो घरातलाच माणूस विचारतो.

आता एका घंगाळाचीच गोष्ट सांगते. ओळखीच्या एका घरातलं पितळी घंगाळ, साडेपाच किलोचं, दोन्ही कड्या शाबूत. अंगभर मठारकाम, म्हणजे हातोडीच्या एकासारख्या एक ठोक्यांची नक्षी. ती नुसती शोभेची नसते. ठोकून ठोकून पत्रा कठीण होतो, भांडं सहजासहजी पोचत नाही. यंत्रावर फिरवून काढलेल्या भांड्यावर आतून गोल गोल रेघा दिसतात, या भांड्यावर त्या नव्हत्या. बुडाशी दात्यांसारखी नागमोडी सांध्याची रेघ होती. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं बाईंचं नाव, गाव आणि 1946 साल. लग्नात दिलेलं असणार. पूर्वी भांड्यांच्या दुकानाबाहेर नाव घालून देणारा कारागीर छिन्नी-हातोडी घेऊन बसायचा, हे त्याचं काम. अशा नावामुळे वस्तूचा काळ ठरतो, गाव ठरतं, आणि संग्राहकाच्या दृष्टीनं ती हजार घंगाळांतून वेगळी होते.

त्या दिवशी बाजारात मोडीचा भाव विचारला तर नुसत्या पितळेचेच अडीच हजारांच्या आसपास होत होते. आम्ही आठ हजार लिहिले, साडेसहाच्या खाली जायचं नाही असं आधीच ठरवलं, आणि तो आकडा घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवला. पहिली बोली आली अठराशेची. म्हणजे भंगारवाल्यानं दिले असते त्याहून कमी!

मी उत्तर लिहिलं : ‘नमस्कार. विचारलंत, आभारी आहे. घंगाळ साडेपाच किलोचं आहे, त्याची मोडच अडीच हजारांची होते. काम हातचं आहे, नाव आणि साल कोरलेलं आहे, जवळचे फोटो पाठवते. किमतीत थोडं मागंपुढं होईल, पण इतकं नाही. हवंसं वाटलं तर जरूर कळवा.’ बस, एवढंच. राग नाही, उपदेश नाही, ‘तुम्हाला कळतं का काही’ नाही. त्या माणसाचं पुन्हा उत्तर आलं नाही. ज्यांनी शेवटी नेलं त्यांची सुरुवात चार हजारांपासून होती. कोरलेल्या नावाचा फोटो पाठवल्यावर त्या बाईंनी फोन केला, गावाबद्दल विचारलं आणि सात हजारांना सौदा ठरला. चार हजारांच्या बोलीला ‘निम्म्यात मागतात’ म्हणून उत्तरच दिलं नसतं, तर हे गिऱ्हाईक गेलं असतं. म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येक बोलीला एकदा, सभ्यपणे, कारणासकट उत्तर द्यावं. दुसऱ्यांदा तोच आकडा आला तर ‘जमणार नाही’ एवढं लिहून विषय संपवावा.

निम्म्या किमतीची बोली दर वेळी लबाडीची नसते, हे मी अनुभवानं मानतेच. पण त्याला अभ्यासाचाही आधार आहे. डॅनियल कानमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या तीन अभ्यासकांनी 1990 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि ते उरलेल्यांना विकायला सांगितले. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती, तरी विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक निघाली. जी वस्तू काही मिनिटांपूर्वी मिळाली तिची ही कथा, तर ज्या घंगाळातल्या पाण्यानं आपली आजी आपल्याला न्हाऊ घालायची त्याचं काय होणार? त्या आठवणींचे पैसे मागू नयेत. त्या घेणाऱ्याच्या नाहीत. काम, काळ, स्थिती आणि दुर्मिळपणा, एवढ्याचेच पैसे मागावेत आणि ते मात्र पुरेपूर मागावेत.

भाव कुठून काढायचा हे लोक विचारतात. दुसऱ्यांनी ऑनलाइन लिहिलेले आकडे बघून ठरवू नका. ती मागणी असते, विक्री नव्हे. ‘पन्नास हजार’ लिहिलेला ग्रामोफोन वर्षानुवर्षं तिथंच असतो. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूचा आकडा मिळाला तर तो धरा. लिलावगृहं विक्री झाल्यावर निकाल जाहीर करतात, काही परदेशी संकेतस्थळांवर विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती वेगळ्या बघता येतात. बुधवार-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक चक्कर मारा, मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जा, विकत घेणारे म्हणून विचारा. व्यापारी काय मागतो आणि किती खाली येतो ते कानावर पडू द्या.

व्यापाऱ्याबद्दलही जरा न्यायानं बोलायला हवं. तो आपल्याला जो भाव सांगतो तो त्याच्या दुकानातल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतका असू शकतो, आणि तरी तो आपल्याला फसवत नसतो. त्याला दुकानाचं भाडं आहे, दुरुस्ती आहे, वाहतूक आहे, आणि माल वर्षभर पडून राहिला तर त्यात अडकलेले पैसे आहेत. तुम्हाला आठवड्यात वाडा रिकामा करून द्यायचा असेल तर त्याचा रोख भाव घेणं शहाणपणाचं ठरतं. फक्त तो व्यापाऱ्याचा भाव आहे हे समजून घ्यावा. वापरायला घेणाऱ्याकडून मिळेल तो भाव वेगळा, आणि त्यासाठी वाट बघावी लागते. ज्याला वाट बघता येते त्याचा भाव पडत नाही. ‘गरजवंताला अक्कल नसते’ ही म्हण घेणाऱ्यांना चांगली पाठ असते, म्हणून त्यांचा पहिला प्रश्न वस्तूबद्दल नसून ‘का विकताय? घर कधी सोडताय?’ असा असतो. त्याचं उत्तर द्यायला आपण बांधलेले नाही.

कधी कधी मात्र पडेल बोलीच बरोबर असते, आणि ते मान्य करण्याइतका मोकळेपणा हवा. राजा रविवर्म्यांच्या चित्रांचं उदाहरण घ्या. त्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत शिळाप्रेस चित्रांना खरी मागणी आहे. पण नव्या यंत्रावर छापून, पिवळा रंग चढवून, जुन्या चौकटीत बसवलेल्या नकला फार आहेत. ‘आमच्या देवघरातली लक्ष्मी, तीस हजार’ असं कुणी लिहितं आणि जाणकार पाचशे म्हणतो, तेव्हा चिडण्याआधी भिंग घेऊन बघावं. शिळाप्रेसवर रंगाचे दाणे विस्कळीत, हातानं टाकल्यासारखे दिसतात. नव्या छपाईत ठिपक्यांची सारखी, ठरावीक जाळी दिसते. घड्याळांचंही तेच. वाड्यांतली अमेरिकी अन्सोनिया, सेथ थॉमस किंवा जपानी सेकोशा घड्याळं पुष्कळदा जोडकामाची असतात. पेटी एकाची, तबकडी दुसऱ्याची, यंत्र तिसऱ्याचं. आमच्याच जिल्ह्यातल्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाला लोक प्रेमानं किंमत देतात, पण काच मूळची आहे का, टाकी गंजून भोकं पडलीत का, हे विचारूनच. आणि पितळी वस्तू विकायला काढण्याआधी ॲसिडनं घासून सोन्यासारखी चकचकीत करण्याचा मोह तर अजिबात नको. वर्षानुवर्षं चढलेली काळसर छटा हीच जाणकाराला हवी असते. ती गेली की भाव पडतो, आणि तो पाडणाऱ्याचं काही चुकत नाही.

भावाच्या आधी एक गोष्ट बघायला हवी, ती म्हणजे कायदा. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार कला, कारागिरी, धर्म, रीतिरिवाज यांची साक्ष देणारी शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरू शकते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. मूर्ती, चित्रं, हस्तलिखितं अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. देशाबाहेर त्या खासगी माणसाला नेता-पाठवता येत नाहीत. न्यू जर्सीतून किंवा लंडनहून एखादे मराठी गृहस्थ ‘दुप्पट देतो, पाठवून द्या’ म्हणतात, तेव्हा वस्तूच्या वयाचा प्रश्न आधी सोडवावा. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो, तो घेतल्याशिवाय पार्सल करू नये. मी स्वतः शंभरीच्या अलीकडच्या घरगुती वस्तूंपलीकडे जात नाही. हस्तिदंताची मूठ, हस्तिदंती फासे, काळविटाची शिंगं असलं काही माळ्यावर निघालं तर ते विक्रीला ठेवूच नये. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याच्या व्यापाराला बंदी आहे, आणि वस्तू पणजोबांच्या काळातली आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

आता ज्या प्रकाराबद्दल मला खरोखर संताप आहे त्याबद्दल. फोनवर पडेल बोली लावणारा माणूस परवडला, निदान तो उघड बोलतो. वाईट आहे तो दारात येऊन भाव पाडणारा. फोनवर सात हजार कबूल करतो. ठरल्या दिवशी दोन माणसं आणि टेम्पो घेऊन येतो. वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करतो आणि मान हलवतो. ‘मावशी, इथं पोचा आहे. कडी नंतर बसवलेली दिसते. पाच हजार होतील.’ टेम्पो दारात उभा, शेजारी बघतायत, आपण वस्तू पुसून ओट्यावर आणून ठेवलेली, आणि घरात बहुतेक वेळा सत्तरीचं जोडपं किंवा एकटी बाई. तिथं ‘नाही’ म्हणणं फार अवघड जातं, आणि ते त्याला नेमकं ठाऊक असतं. मग नजर इतर वस्तूंवर फिरते : ‘तो पाळणा, तो हंडा आणि हे, सगळं मिळून आठ हजार.’ ज्या वस्तू विकायच्याच नव्हत्या त्यासुद्धा टेम्पोत जातात. हे आमच्या पेठेत घडलेलं मी पाहिलं आहे. घरातल्या बाई नंतर चार दिवस नीट जेवल्या नाहीत.

याला बंदोबस्त आधीच करावा लागतो. वस्तूचे सगळे दोष स्वतःच फोटोत दाखवा आणि लिहा : पोचा इथं, डाग इथं, कडी नंतरची. वजनकाट्यावर ठेवून व्हिडिओ काढा. भाव ठरला की तो लिखित निरोपात येऊ द्या आणि थोडा विसार घ्या. ज्याला घ्यायचंच आहे तो हजार रुपये विसार द्यायला कुरकुरत नाही. वस्तू घराच्या आत दाखवू नका, पडवीत, जिन्याजवळ किंवा सोसायटीच्या कार्यालयात दाखवा. बाकीचं घर उघडं टाकू नका. शेजारच्या कुणाला तरी बोलावून ठेवा. आणि दारात भाव बदलला तर एकच वाक्य : ‘भाव ठरलेला आहे. नको असेल तर तुमचा विसार परत घेऊन जा.’ विसार परत करायला तयार असणं महत्त्वाचं. त्यानं आपण नडलेले नाही हे समोरच्याला कळतं.

आणि जो अजिबात घासाघीस करत नाही त्याच्यापासूनही जपा. लष्करात आहे म्हणून सांगतो, वस्तू न बघता पूर्ण किंमत कबूल करतो, आणि पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडतो. तो कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो, हे घरातल्या ज्येष्ठांच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

काही वस्तूंना आज गिऱ्हाईक नसतंच. शिसवी पलंगाला फ्लॅटमध्ये जागा नाही, मोठ्या सटाला चूल नाही. तेव्हाही मोडीत घालण्याआधी थोडं थांबावं. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय कशातून उभं राहिलं? दिनकर गंगाधर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, दारं, रोजच्या वापरातल्या अशा वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि पुढे तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. इतरांना अडगळ वाटणाऱ्या वस्तूंसाठी ते गावोगाव फिरले. तालुक्याच्या शाळेला, गावच्या वाचनालयाला, एखाद्या छोट्या संग्रहाला नावानिशी भेट दिलेलं घंगाळ अठराशे रुपयांत दिलेल्या घंगाळापेक्षा मला कितीतरी जास्त समाधान देईल.

घासाघीस आपल्या बायकांना नवी नाही. बोहारीण दारात आली की जुन्या जरीच्या साडीवर एक वाटी जास्त मिळेपर्यंत माझी आई हटायची नाही. जरीची किंमत तिला माहीत होती, म्हणून ती हटत नव्हती. तीच माहिती आज तांब्या-पितळेबद्दल, लाकडाबद्दल, घड्याळाबद्दल मिळवायची आहे.

म्हणून माझी विनंती आहे ती पुण्या-मुंबईत आणि परदेशात असलेल्या मुलामुलींना. ‘आई, टाका ना ते विकून’ असं फोनवर सांगून मोकळे होऊ नका. पुढच्या वेळी घरी याल तेव्हा दोन दिवस काढा. एकेक वस्तू खाली उतरवा, वजन करा, नाव आणि साल वाचा, आईला ती कुणाची ते विचारून लिहून घ्या, नीट उजेडात फोटो काढा. ज्याच्याखाली द्यायचं नाही तो आकडा ठरवा. जाहिरातीत आई-वडिलांचा नव्हे, तुमचा फोन नंबर द्या, आणि येणाऱ्या बोलींना उत्तरं तुम्ही द्या.